गार आहे म्हणूनच तापलंय

साळवे सर कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी त्यांच्या खिशातून पोलादी पट्टी बाहेर यायची. समोर जी वस्तू असेल तिच्यावर ती कडेवर उभी ठेवायची, एक डोळा मिटायचा, हनुवटी टेबलाला टेकवायची आणि पट्टीखालून उजेड येतो का ते बघायचं. उजेड यायचाच. मग सर मोठ्या समाधानाने खिन्न व्हायचे आणि म्हणायचे, "दिसतं सपाट. आहे का?"

एकदा मी त्यांना माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला सोनईला घेऊन गेलो. पोह्यांचा ट्रे आला. सरांनी बशा उचलून बाजूला ठेवल्या आणि ट्रेवर पट्टी लावली. मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुण्यांना ट्रे पसंत नाही. त्यांनी आतून दुसरा मागवला. त्यालाही पट्टी. तिसरा शेजारून आला. कुणाला काही कळेना. मुलीला मात्र हसू आवरेना, आणि त्या हसण्यावरच पुतण्याने होकार देऊन टाकला. आजही त्या घरचा हा जावई सरांना मानतो.

आता गंमत ऐका. हा माणूस कोपरगावच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचा. दिवसभर पृथ्वी गोल आहे म्हणून मुलांना पटवायचं आणि संध्याकाळी गल्लीत कुठे काही सपाट सापडतंय का ते शोधत हिंडायचं.

माझं फोटो फ्रेम करण्याचं दुकान. सरांच्या घराची आणि दुकानाची भिंत एकच. माझ्याकडच्या काचांनाही त्यांनी एकदा पट्टी लावली. चार काचा नापास झाल्या. पाचवीखालून उजेड आला नाही. सरांनी पट्टी उलटी करून बघितली, काच फिरवून बघितली, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बाळासाहेब, कोपरगावात सपाट म्हणून एवढीच." सरकारने शाल-श्रीफळ दिलं असतं तरी मी एवढा फुगलो नसतो. तेव्हापासून आमची मैत्री.

त्या भिंतीपलीकडून एके काळी सरांच्या बायकोचा, मालूवहिनींचा आवाज यायचा. वहिनी अशा बोलायच्या की मला पेपर लावायची गरज पडली नाही. कुणाची म्हैस व्याली, कुणाची बदली अकोल्याला झाली, सगळं भिंतीतून पोचायचं. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजायचं सगळं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. डाव्या हातात पेन्सिल ठरत नव्हती. भिंत गप्प झाली. सर लोकांना ओट्यावरच बसवायचे, तिथूनच वाटेला लावायचे. आतल्या खोलीत कुणाला नेत नसत.

शतक संपत आलं होतं. एक दिवस सरांच्या दारात टेम्पो थांबला आणि खोकी उतरली. कॉम्प्युटर. गल्लीत चर्चा झाली की सर आता क्लास काढणार. सरांनी मला एकट्यालाच खरं सांगितलं. वहिनींच्या डाव्या हाताचं एक बोट शाबूत होतं, आणि बटण दाबायला एक बोट पुरतं. इंग्रजी अक्षरांत का होईना, मराठी लिहितील. दोन वर्षं गप्प आहेत, आता आमची मंडळी बोलतील, म्हणाले, आणि घाईने पट्टी काढून माझ्या गल्ल्याला लावली.

पण मशीन चालेल तर ना. उन्हाळा सुरू झालेला. दुपारी वहिनींना पाठीला उशा लावून तासभर बसवता यायचं. सर मशीन सुरू करायचे. निम्मा वेळ त्यांच्या सूचनांत जायचा, उरलेल्या वेळात वहिनी एकेक अक्षर शोधून दाबायच्या. पडद्यावर 'चहा' एवढं उमटायचं आणि मशीन जागच्या जागी थिजायचं. दाबा, हलवा, दटावा, काही नाही. बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत वहिनींची मान कललेली असायची.

दुसऱ्या दिवशी पुन्हा 'चहा'. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

पुढचं वाक्य काय, हे कळत नव्हतं, म्हणून सरांनी आपल्या परीने अर्थ लावला. चहा फार गरम होत असणार. त्यांनी बशीत ओतून गार केला. वहिनींनी बशी सरकवली. म्हणजे फारच गार. पुन्हा तापवला. पुन्हा सरकवली. मग सर थर्मामीटर घेऊन चुलीशी बसू लागले.

नगरहून इंजिनीअर आला. गळ्यात टाय, कोपरगावच्या उन्हात. त्याने खोका उघडला, आतल्या पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सर, एकदम थंड आहे. तापण्याचा प्रश्नच नाही."

"गार आहे म्हणूनच तापलंय," सर म्हणाले.

इंजिनीअरने माझ्याकडे पाहिलं. मी ठोकळ्याकडे पाहिलं.

"तापलं असतं तर हे गरम लागलं असतं ना, सर?"

"हे गरम लागलं असतं तर ते तापलं नसतं."

इंजिनीअरने पाणी मागितलं. एक व्हायरस काढून तो निघून गेला. मशीन त्याच्या एसटीच्या आधी बंद पडलं.

मला समजावण्यासाठी सरांनी फार कष्ट घेतले. प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं. डोक्यावर धातूची टोपी. टोपीवर तो ठोकळा, ठोकळ्यावर पंखा. डोक्याची उष्णता टोपीतून ठोकळ्यात चढायची, पंख्याने उडून जायची. "आता तव्यावर वाकड्या बुडाचं पातेलं ठेवा, बाळासाहेब. तवा लाल होईल, दूध गारच राहील. तुम्ही दुधात बोट घालून म्हणणार, चूल पेटलीच नाही."

फोटो घ्यायला आलेले एक शेतकरी हे ऐकत उभे होते. ते म्हणाले, "म्हंजी गार करायसाठी वरचं गरम व्हायला पायजे व्हय?"

"व्हय," सर म्हणाले.

"लई अवघड हाय," असं म्हणून ते गेले, आणि फोटो विसरून गेले.

टोपी सपाट नाही हे सरांना पक्कं ठाऊक होतं, पण ती एवढी लहान की पट्टीखालचा उजेड त्यांच्या चष्म्याला दिसेना. म्हणून त्यांनी युक्ती काढली. प्रोसेसर अलगद बाहेर काढायचा, टोपी जांभळ्या स्टॅम्प पॅडवर टेकवायची आणि कागदावर उठवायची. जिथे शाई, तिथे उंच. जिथे कोरं, तिथे खोल. ठसा उमटला: चारी कडा जांभळ्या, मधोमध पांढरं. सरांना इतका आनंद झाला की समोर आलेल्या प्रत्येक कागदावर त्यांनी तो उठवला. ते कागद होते नववीच्या भूगोलाचे पेपर.

मुख्याध्यापकांनी ते पेपर चाळले. प्रत्येकावर एकसारखा चौकोनी जांभळा शिक्का, मध्ये सहीला जागा. त्यांना ही शिस्त फार आवडली. सोमवारपासून सर्व शिक्षकांनी तपासलेल्या पेपरवर असाच शिक्का मारावा, असं त्यांनी सांगितलं. गणिताच्या बाईंनी खोडरबराचा केला, ड्रॉइंगच्या सरांनी बटाट्याचा. हा शिक्का कशाचा, हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडे शिक्का गोल किंवा चौकोनी असला म्हणजे पुरतं.

इकडे सर माझ्या दुकानात येऊन बसले. ती पास झालेली पाचवी काच खाली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर, पाण्याचे दोन थेंब, आणि टोपी पालथी धरून इंग्रजी आठच्या आकड्यात घासणं सुरू. थोडं घासायचं, ठसा घ्यायचा. टोपीचा चंदेरी रंग कडांवरून गेला आणि खालचं तांबं लाल दिसू लागलं. मध्ये चंदेरी डाग तसाच.

"लोणार आहे लोणार," सर म्हणाले. एवढ्याशा टोपीवर सरोवर सापडल्याने त्यांच्यातला भूगोल जागा झाला होता. "चारी बाजूंनी डोंगर उतरवला पाहिजे."

मी गिऱ्हाइकं परतवत होतो. फ्रेम घासायचा माझा पॉलिश पेपर संपत होता, आणि एवढी नाजूक वस्तू घासून घासून सुधारते की बिघडते, याचा मला पत्ता नव्हता. सरांनाही असावा असं वाटत नाही. ही गेली तर दुसरी आणणं त्यांना झेपणारं नव्हतं. ते प्रत्येक ठसा उजेडाकडे धरायचे, आणि लोणार आटत चाललं होतं.

शेवटचा ठसा सगळाच्या सगळा जांभळा आला. सरांनी ठोकळ्याचं बूडही तसंच घासलं आणि म्हणाले, टॉर्च धरायला चला.

मी त्या खोलीत पहिल्यांदाच जात होतो. वहिनी कुशीवर होत्या. कॉम्प्युटरकडे जाण्याआधी सरांनी खिशातली पट्टी काढली, त्यांच्या पाठीमागच्या चादरीवर आडवी ठेवली आणि हळूहळू सरकवत नेली. कुठे सुरकुती लागली की थांबायचे, चादर ओढायचे, पुन्हा पट्टी. मग टाचेखालची पोकळी बोटाने चाचपून तिथे कापसाची घडी सारली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलं होतं, गादी सपाट ठेवा, नाहीतर झोपून झोपून जखमा होतील, पाठ फुटेल. दिसते सपाट. आहे का?" वहिनींच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता.

वहिनींना उशा लावून बसवलं. मशीन जोडलं. टोपीवर पांढऱ्या लेपाचा पातळ थर, वर ठोकळा, वर पंखा. थोड्या वेळाने सरांनी ठोकळ्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"चटका बसला," ते म्हणाले. चेहरा असा, की घरी पाळणा हलला असावा. माझंही बोट धरून त्यांनी लावलं. मलाही बसला. ठोकळा गार होता तेव्हा हा माणूस रडकुंडीला आला होता आणि आता चटका बसल्यावर पेढे वाटायच्या बेतात होता. मी हसलो, कारण सर हसत होते.

वहिनींचं बोट एकेक अक्षर शोधत चाललं. 'चहा' झालं. आम्ही दोघं पडद्याकडे वाकलो. मशीन चालूच. बोट पुढे गेलं. सर सूचना द्यायची विसरले. ऊन खिडकीतून भिंतीवर सरकलं तेव्हा पडद्यावर वाक्य पुरं झालं होतं.

'चहात साखर घाला.'

सर बराच वेळ वाचत राहिले. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. सरांनी आपल्या मनाने साखरही बंद केली होती. दोन वर्षं.

ते स्वयंपाकघरात गेले. चहा उकळला. साखरेचा डबा आणि पातेलं इकडेच घेऊन आले, वहिनींच्या समोर. चमचा भरला, आणि सवयीने पट्टी काढून वरची साखर पुसली, चमचा काठाला सपाट केला.

वहिनींनी डाव्या हाताने ती पट्टी धरली. जोर नव्हता हातात, पण सोडली नाही. सरांनी पट्टी तिथेच राहू दिली. चमचा पुन्हा डब्यात बुडवला आणि चांगला शिगोशीग भरून, एक दाणा सांडू न देता, चहात सोडला.