बकारामजींची जयंती

आमच्या गल्लीत आज कोणाच्या घरी काय शिजलं, हे मला विचारावं लागत नाही. वास येतो. (नाही आला, तर मग मी विचारतो.) ललिता, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, याला नाक खुपसणं म्हणतात. मी याला शेजारधर्म म्हणत होतो. पण यंदाच्या एक जुलैनंतर मी हा वाद सोडून दिला आहे. ती म्हणते तेच खरं.

झालं ते सगळं फळ्यामुळे. गोंदियाजवळच्या गोरेगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुड्डूचा पानठेला आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीवर एक जुना फळा ठोकलेला आहे. तीन वर्षांपासून रोज सकाळी सहाला मी त्यावर दिनविशेष लिहीत होतो. मला कोणी सांगितलं नव्हतं. दिवसभर राइस मिलमध्ये बारदान मोजणाऱ्या माणसाला कुठंतरी आपल्या अक्षरात काही लिहावंसं वाटतं, एवढंच. आजच्या तारखेला जगात काय काय झालं, कोण जन्मलं, कोण गेलं, ते मोबाइलात पाहायचं आणि फळ्यावर उतरवायचं. मी दहावी नापास (इंग्रजीत, बाकी विषयांतही थोडक्यात), पण हातात खडू असला की लोक मला 'मेश्राम सर' म्हणायचे. चेष्टेनं म्हणायचे, पण म्हणायचे.

या फळ्याचे पक्के वाचक म्हणजे आमचे भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी, बकाराम रहांगडाले. वय सत्तरीच्या घरात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तोंडात दातण धरून येत, फळ्याला नाक लावून एकेक अक्षर वाचत, आणि मग रोज तेच बोलत.

"देवीदास, हे मोठमोठे लोकच जलमले काय गा? आमी का झाडावरून पडलो?"

"तुमचंही नाव लिहीन एक दिवस."

"लिवलास! ज्याले सख्खा भाऊ मोठा म्हनत नाही, त्याले फळा मोठा म्हनन का?"

हे हसत म्हणत, पण दातण तोंडातच राहायचं आणि चावणं थांबायचं.

त्याचं असं आहे. आमच्या पिढीतले अर्धे लोक एक जुलैला जन्मले आहेत. आईबापाला तारीख ठाऊक नसायची. "धान कापून राहिलो होतो, तवा झाला," एवढ्यावर गुरुजी काय लिहिणार? टाकली एक जुलै, झाला पोरगा शाळेत भरती. माझीही तीच तारीख. आमच्या गल्लीत त्या दिवशी अकरा वाढदिवस असतात आणि केक एकही नसतो. बकारामजी आणि त्यांचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ ईश्वरदास, या दोघांची नावं गुरुजींनी एकाच दिवशी घातली. म्हणून दोघांची तारीखही एक, सालही एक. थोरला भाऊ कागदावर जुळा होऊन बसला.

साठ वर्षं याचं कोणाला काही वाटलं नाही. मग सात वर्षांपूर्वी दवनीवाड्याला ईश्वरदासच्या मुलीचं, चेतनाचं लग्न निघालं. पत्रिका छापणाऱ्यानं नावं अ-आ-इ-ईच्या हिशोबानं लावली. आधी ईश्वरदास, मग बकाराम. बकारामजींनी विचारलं, "घरात मोठा कोन?" ईश्वरदासला चूक कबूल करायला जड गेलं असेल. तो बोलून गेला, "आधार कार्ड पाय ना. तारीख एकच आहे. तू मोठा कायचा?"

बकारामजी लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद.

आता जूनच्या शेवटी बकारामजींचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. गोंदियाला एक रात्र राहून एक जुलैला परत. फॉर्म मीच भरून दिला. (आधार कार्ड फक्त नंबरासाठी घेतलं होतं. पुढून-मागून वाचलं ते सवयीनं.) तारीख पाहिली आणि मनात म्हटलं, वा! माणूस नवा डोळा घेऊन येईल आणि पहिलं स्वतःचं नाव वाचेल.

एक जुलैला सकाळी खडू घेतला. 'वाढदिवस' लिहिणार होतो. पण हा शब्द मला हलका वाटला. वाढदिवस पोरासोरांचा, नाहीतर बॅनरवरच्या गॉगलवाल्यांचा. सत्तरीच्या माणसाला भारी शब्द पाहिजे. आणि आमच्या घरी सगळ्यात भारी, सगळ्यात आनंदाचा शब्द कोणता? जयंती! चौदा एप्रिल म्हणजे नवे पांढरे कपडे, निळे झेंडे, दारोदार खीर. लहानपणी मी वर्षभर बोटं मोजत त्या दिवसाची वाट पाहायचो. आनंदाला याहून मोठा शब्द मला जन्मात भेटलेला नाही. म्हणून मी लिहिलं:

१ जुलै. आज कृषी दिन, डॉक्टर दिन, जागतिक विनोद दिन.
घटना: स्टेट बँकेची स्थापना (१९५५). जीएसटी लागू (२०१७).
जयंती: आपल्या सर्वांचे लाडके श्री. बकाराम रहांगडाले (१९५६). विनम्र अभिवादन!

दोन्ही बाजूंना लाल खडूनं समया काढल्या. जरा लांबून पाहिलं. छान दिसत होतं. मिलला निघून गेलो.

दुपारी जेवायला आलो तर गल्लीत ही गर्दी! बकारामजींच्या घराला कुलूप, कुलपासमोर खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, माणसांच्या डोक्यावर दुपट्टे. गुड्डूनं पानठेला बंद केलेला. (गुड्डू कर्फ्यूतही अर्धा उघडा ठेवतो.)

"का झालं गा?"

"बकारामजी चले गये, सर."

माझ्या हातातली सायकल पडली. मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. खरं सांगतो, माझ्या मोठ्या भावासाठी रडलो नव्हतो एवढा रडलो. "फॉर्म मीच भरला होता रे! या हातानं भरला!" असं म्हणून कपाळ बडवून घेतलं. फोन लावला तर स्विच ऑफ. गुड्डू म्हणाला, "आता कोन उचलन?" तेही पटलं. मग मी डोळे पुसले आणि कामाला लागलो, कारण अशा वेळी कोणीतरी पुढं व्हावं लागतं आणि गल्लीत तो कोणीतरी नेहमी मीच असतो. लाकडाच्या टालावर माणूस धाडला, बांबू आणायला.

तेवढ्यात मोटारसायकल आली. पुढं चेतना, मागं ईश्वरदास. पायाला पोटरीपर्यंत वाळलेला चिखल, पऱ्ह्यातून, म्हणजे धानाच्या रोपांतून, उठून तसाच निघाला होता. काखेत कोरं पांढरं कापड. सरळ पायरीवर गेला, बंद दाराच्या कुलपाला कपाळ लावलं आणि म्हणाला, "दादा, मी खोटा बोललो गा. कागद खोटा होता. तूच मोठा. एकडाव बोल माझ्यासंगं."

सगळी गल्ली खाली पाहू लागली. मला पुन्हा भरून आलं. हुंदका आवरत गुड्डूला विचारलं, "निरोप कोनी आनला? दवाखान्यातून कोन आलं होतं?"

"कोनी कायले येते? तुमीच तं लिवले."

"मी?"

"फळ्यावर. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. मले वाटलं, तुमाले पहाटेच फोन आला असन. तुमाले तं सारं सगळ्याच्या आधी समजते."

चेतना शाळेत बाई आहे. ती फळ्यासमोर जाऊन उभी राहिली, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, मोठेबाबा गेले आहेत, की तुम्ही लिहिलं म्हणून गेले आहेत?"

"अवं, आज त्यांचा वाढदिवस आहे. म्हणून जयंती लिहिली."

"काका, जयंती मेलेल्या माणसाची असते. जित्या माणसाचा वाढदिवस."

मला वाटलं, जमीन फाटावी. गोरेगावात पावसाळ्यात रस्ता कुठंही फाटतो, नेमका माझ्या पायाखालचा घट्ट निघाला. काय करणार? आता ओरडून सांगावं तर सात वर्षांचा गिळलेला शब्द माणसानं चारचौघांत बाहेर काढलेला, तो माझ्या एका खडूपायी खोटा ठरणार. न सांगावं तर तिकडून बांबू निघालेला. चेतना म्हणाली, "बाबांना मी सांगू की तुम्ही सांगता?" मी म्हणालो, "मी सांगतो." आणि (लाज वाटते, पण लिहितो) गेलो फळ्याकडं. आधी शर्टाच्या बाहीनं 'जयंती' पुसायला लागलो.

तेव्हाच ऑटो आला.

आधी बकारामजींच्या सौभाग्यवती धनवंताबाई उतरल्या, हातात औषधांची पिशवी. मग त्यांना धरून बकारामजी. डोळ्यांवर काळा चष्मा, चष्म्याखाली हिरवी पट्टी. गर्दी पाहून थबकले.

"कोन गेला गा?"

डोक्यांवरचे दुपट्टे एकेक करून उतरू लागले.

"काऊन गप्प आहात? माझ्या दारात मयत अन् मलेच सांगाचं नाही?"

ईश्वरदासनं कुलपावरचं कपाळ उचललं. वळला. पाहिलं. मग एकदम, "दादा!"

बकारामजींनी एका डोळ्याच्या फटीतून आवाजाच्या दिशेनं पाहिलं. कोण आहे ते त्यांना कळलं होतं.

"काय म्हनलास?"

"दादा म्हनलो."

"आधार पाहून बोल. तारीख एकच आहे आपली."

"आग लागो त्या आधारले!"

बकारामजी एक पाऊल मागं सरकले. दोन्ही हात वर करून म्हणाले, "थांब थांब, मले रडवू नको. डॉक्टरनं रडाले मना केलन. पंधरा दिवस डोळ्यात पानी नाही पायजे." मग कापडाकडं बोट दाखवून, "काखेत का आहे?"

ईश्वरदासनं मान खाली घातली. बकारामजींनी कापड हातात घेतलं, चाचपलं, पसरून पाहिलं.

"एवढुसं? लहानपनापासून तुले मोठ्याचं मापच समजत नाही."

लोक हसायला लागले, रडायलाही लागले, आणि त्या गोंधळात मी घरी सटकत होतो. पण धनवंताबाई फळ्यासमोर उभ्या होत्या. 'जयं' पुसलं गेलं होतं, 'ती' राहिली होती. पुढचं नाव आणि विनम्र अभिवादन जसंच्या तसं. त्यांनी वाचलं आणि माझ्याकडं वळल्या.

"देवीदासभाऊ, सकाळी सहा वाजता माझं कुंकू पुसलं तुमी. खडूनं!"

मी हात जोडले. सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, समईसकट. सांगत असतानाच टालावरचा माणूस खांद्यावर हिरवे बांबू घेऊन आला. "कुठं टाकू, मेश्राम सर?"

"परसात टाक," बकारामजी म्हणाले. "दोडक्याच्या वेलाले होतीन."

ईश्वरदास त्या दिवशी जेवून गेला. चेतना मुक्कामाला राहिली. लोक म्हणतात, मेश्राम, तुझ्यामुळं भाऊ भेटले. मला ते ऐकवत नाही. कुलपाला टेकलेलं ते कपाळ मी पाहिलं आहे. त्या माणसाचं रडणं खरं होतं आणि माझा शब्द खोटा होता. दोन दिवस मी मिलला मागच्या रस्त्यानं गेलो. धनवंताबाईंच्या घरून मटणाचा वास आला, तरी विचारलं नाही.

पण ते नंतरचं. दोन जुलैच्या सकाळी सवयीनं फळ्याकडं गेलो तर खडूचा डबा गायब. फळ्यावर चेतनाचं गोल अक्षर. दोन्ही बाजूंना समया, माझ्यापेक्षा सुबक. बकारामजी चष्मा सावरत शेजारी उभे.

"जयंती (एक दिवस उशिरा): सर्वांच्या घरावर लक्ष ठेवणारे श्री. देवीदास मेश्राम. विनम्र अभिवादन!"

"काल तुझाही होता ना? एक जुलै," बकारामजी म्हणाले. "माझ्या धांदलीत राहून गेला."

"गुड्डूनं फोटो तर नाही काढला?"

"तो तं काढूनच मंग ठेला उघडते आता."

मी धावत घरी आलो. ललिता दारात बसली होती, फोन कानाला, पदर डोळ्याला. म्हटलं, बिचारी रडते आहे. पाहतो तर हसत होती.

"चार घरचे फोन आले," ती म्हणाली. "सारेच म्हनतात, मानूस लय चांगला होता."

"तू सांगितलं नाहीस मी जिवंत आहे म्हणून?"

"सांगतो ना. पर जित्तेपनी कोनी असं म्हनलं नव्हतं, म्हनून म्हटलं, आयकून घेऊ."

मला जरा बरं वाटलं. काही झालं तरी शेजार आहे. "आणखी काय म्हणाले?"

"समोरची म्हने, आता बिनघोर खिडकीचा पडदा काढून धुवाले टाकतो."