वानखडेकाकांचं गांजाचं टपाल

वानखडेकाका सुपारीसुद्धा खात नाहीत, दर शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जातात, आणि गांजाच्या शेअरचा आजचा भाव मात्र तोंडपाठ सांगतात. अख्ख्या सौंसरात असा माणूस दुसरा नाही, आणि तो नेमका माझा शेजारी.

त्यांच्या ईमेलवर रोज सात-आठ पत्रं येतात. कॅनडातली कुठलीशी कंपनी औषधी गांजा पिकवते, शेअर चिल्लर भावात आहे, महिन्यात दसपट होईल, आजच घ्या! असली फसवी पत्रं आपण उघडतही नाही. काका चष्मा पुसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. शेअर मात्र एकही घेतलेला नाही.

रामाकोन्याच्या एका लग्नात, पंगतीत संत्र्याच्या भावाचा विषय निघाला. काका म्हणाले, "संत्र्याचं सोडा, सध्या गांजा तेजीत चालून राहिला." वाढपी बुंदीचं ताट घेऊन तिथंच थांबला.

"कशाला वाचता हो हे?" मी विचारायचो.

"मास्तर, जिंदगीभर पोस्टात सॉर्टिंग केली. पत्ता बरोबर असला का पत्र पाहाच लागते."

मी शाळेत संगणक शिकवतो. एका शनिवारी हँग झालेला मोबाईल दुरुस्तीला माझ्याकडे देऊन काका जामसांवलीला गेले. मी शहाणपणा केला आणि स्पॅमची सगळी रद्दी पुसून टाकली.

परत आल्यावर त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला, मोबाईल पाहिला आणि पायरीवरच बसले.

"सारं पुसलं?"

"कचराच होता, काका."

"माह्या पोराचं, प्रशांतचं पत्र याच कचऱ्यात पडलं होतं, मास्तर. भांडून कॅनडाले गेला, मंग दोन वर्षांनी लिवलं. दिवाळीच्या आंधी उत्तर आलं तं घरी येतो म्हने. मले दिसलं तवा दिवाळी होऊन गेली होती. म्या लिवलं, लय वेळा लिवलं. त्याचं काही आलं नाही." मग त्यांनी विचारलं, "पुसाच्या आंधी पाह्यलं होतं ना तुमी?"

मी पाहिलं नव्हतं.

"पाहिलं होतं, काका. प्रशांतचं नव्हतं."

त्यांना हायसं वाटेल, असं मला वाटलं होतं.

"नव्हतं," ते हळूच म्हणाले. "बरं."

त्या खोट्याची मला अजून लाज वाटते. आता रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसतो. गांजाची सगळी पत्रं आम्ही दोघं शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि पाठवणाऱ्याचं नाव आधी मी बघतो.