रज्जाकचाचांचा फळा

रज्जाकचाचांना कुणाविरुद्ध लिहायचं असलं की ते आधी त्याच्या दारात जातात आणि मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतात. मगच तो उचगावच्या आमच्या चौकातल्या फळ्यावर चढतो. एकदा एक किराणा दुकानदार आंघोळीला बसले होते. चाचांनी न्हाणीबाहेर उभं राहून गटारीत कचरा टाकण्यावरच्या चार ओळी वाचल्या आणि आतून 'ऐकलं' येईपर्यंत हलले नाहीत. मजकूर बदला म्हणून कुणी हात जोडले तर उत्तर ठरलेलं: "खोटं असंल तर पुसतो. कडू असंल तर ऱ्हाऊ दे."

जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला हा माणूस कायम चिडलेला असतो. मोबाइलवरून टीका करणाऱ्यांवर सगळ्यात जास्त. त्यांना ते 'बिनदाराची माणसं' म्हणतात.

मीही त्यांच्यातलाच निघालो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी सरांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर लेख मागितला, तेव्हा मला चाचा आठवले. त्यांचे मित्र दत्तूआप्पा सार्वजनिक नळाला पाइप लावून गोठ्यात पाणी नेत होते. चाचांनी ते लिहिलं आणि आप्पांनी भर चौकात फळा पुसला. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. लेखात मी त्याला गळचेपी म्हटलं, दोघांची नावं घातली. चाचांची रीत माहीत असूनही कुणाच्या दारात मात्र गेलो नाही.

कुणीतरी लेखाचा फोटो काढून फिरवला. आमचा नळ कधी न पाहिलेली माणसं भांडू लागली. एक नाव मुसलमानाचं, एक हिंदूचं, तेवढं त्यांना पुरलं. आप्पांना शिव्या, चाचांना धमक्या. आणि दोन्हीकडचे म्हणत होते, आम्ही स्वातंत्र्यासाठीच बोलतोय. मला अजून त्या माणसांचा राग येतो. त्याहून जास्त स्वतःचा.

चाचा कॉलेजच्या फाटकाशी आले आणि सगळ्यांदेखत माझ्यावर बरसले.

"दुसऱ्या दिशी मी परत लिवलं, ते बघितलंस?"

मी नाही म्हणालो.

"त्येनं परत पुसलं. मी परत लिवलं. चार दिस चाललं हुतं. पाचव्या दिशी त्येनं पाइप काढला आणि माझ्याकडं च्या प्याला. तू पयल्या दिशी बघून घरला गेलास की लेका."

मी माफीचा लेख लिहितो म्हणालो.

"आता लिवू नगंस," एवढं म्हणून ते निघून गेले.

दत्तूआप्पांनी चौक सोडला. चाळीस वर्षं रोज चाचांशेजारी कट्ट्यावर बसणारा माणूस आता लांबच्या वाटेनं डेअरीला जातो. चाचा त्यांच्या दारात गेले होते. दार उघडलं नाही.

तेव्हापासून चाचा दारात न वाचताच लिहितात. रोज सकाळी, फक्त आप्पांवर. दत्तूची म्हस दत्तूपेक्षा हुशार हाय. दत्तूला कुस्तीत मी तीनदा पाडलाय. हे दुसरं तर धडधडीत खोटं, सगळ्या गल्लीला माहीत आहे. लिहून झालं की फळ्याखाली ओलं फडकं ठेवतात आणि कट्ट्यावर बसून राहतात. परवा मीच पुसायला हात घातला तर अंगावर धावून आले. "तुझं न्हाय त्ये काम."

दुपारपर्यंत फडकं वाळतं. चाचा उठतात, नळावर भिजवून आणतात आणि परत तिथंच ठेवतात.