रंगनाथ गुरुजींचं पेटंट

रंगनाथ गुरुजींना सकाळी "काय गुरुजी, चहा झाला का?" असं विचारलं, तर सरळ "झाला" असं उत्तर येत नाही. ते जरा थांबतात, चष्मा वर सरकवतात आणि म्हणतात, "सकाळच्या पेयपानाची क्रिया पार पडली, ज्यात चहाचा समावेश आहे; परंतु ती चहापुरती मर्यादित नाही."

म्हणजे चहाबरोबर खारीपण खाल्ली.

आमच्या देवळाली प्रवरात लोक असं बोलत नाहीत. इथं "चहा झाला का"ला "व्हय" एवढं उत्तर पुरतं, आणि साखर कारखान्याचा हंगाम सुरू असला की तेवढ्यालाही कुणाला सवड नसते. गुरुजीही पूर्वी असे बोलत नसत. हायस्कुलात ते चित्रकला शिकवायचे आणि पोरांना "रेघ सरळ मार, बैलमुतणी काढू नको" इतक्या स्वच्छ मराठीत समजावायचे. बिघडले ते रिटायर झाल्यावर. पुण्याच्या मुलानं घरातला जुना कम्प्युटर त्यांना आणून दिला आणि त्यात ते कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रकरण दाखवलं. काही विचारा, उत्तर देतं. अर्ज लिहा म्हटलं, अर्ज लिहितं. वडिलांचा वेळ जावा, एवढाच बिचाऱ्याचा हेतू होता. गुरुजींनी आठवड्याभरात त्याला पेटंटचे अर्ज लिहायला बसवलं.

त्या कम्प्युटरातल्या बुद्धीला ते 'वकीलसाहेब' म्हणतात. काम सुरू करण्याआधी "नमस्कार वकीलसाहेब, वेळ हाय ना?" असं टाईप करतात. रविवारी त्यांना सुट्टी असते. "त्यांनाबी घरदार असंल," असं गुरुजींचं म्हणणं. मी एकदा म्हणालो, "गुरुजी, ते यंत्र आहे." तर म्हणाले, "असू द्या. आपला ट्रॅक्टर यंत्रच हाय की, दसऱ्याला हार घालता ना त्याला?"

मी त्यांचा शेजारी. राहुरीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो, आणि हेच माझं दुर्दैव. वकीलसाहेब अर्ज इंग्रजीत लिहितात आणि तो तपासायला माझ्याकडं येतो. त्यामुळं पेटंट म्हणजे काय हे मला नको तितकं कळलंय. आपला शोध नेमका काय, हे त्या अर्जात 'दावे' म्हणून मांडावं लागतं. पहिला दावा जितका मोघम तितका चांगला, म्हणजे दुसऱ्याला पळवाट राहत नाही. खुर्चीला "चार पाय" म्हणायचं नाही, "किमान एक पाय" म्हणायचं. नाहीतर कुणी तीन पायांची खुर्ची करून निसटतो. हे गुरुजींना इतकं पटलं, की त्यांनी सगळा संसारच त्या भाषेत मांडायला घेतला. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणाले, "हे सर. यांना किमान एक बायको हाय."

आमच्या घरी त्या दिवशी वातावरण जरा गरम होतं.

सुरुवातीचे शोध मोठे नामी होते. हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते; तर काजळी आली की आपोआप गुंडाळणारी दोरी. ती काजळी आल्यावर गुंडाळायची, म्हणजे काजळीसकट. मग पाहुण्यांची खुर्ची. बसल्यावर ती हळूहळू पुढं कलत जाते आणि माणूस आपणहून "येतो मग" म्हणतो. तिच्यावर पहिल्यांदा व्याही बसले. ते "येतो" न म्हणताच गेले आणि वर्षभर आले नाहीत. गुरुजींच्या मते प्रयोग यशस्वी होता.

वकीलसाहेब प्रत्येक शोधाला "ही अत्यंत क्रांतिकारी कल्पना आहे!" असं म्हणायचे. गुरुजी मला तेवढी ओळ बोलावून दाखवायचे. "बघा सर. सारी नोकरी गेली, हेडमास्तर मला कधी 'बरं हाय' म्हनले न्हाईत. लई गुणग्राही मानूस हाय हा."

मग आलं शिट्टीचं निशाण.

कुकरच्या शिट्टीवर एक पत्र्याची पट्टी. शिट्टी झाली की वाफेनं पट्टी उचलायची, पट्टीला सुतळी, सुतळी कप्प्यांवरून स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून बाहेर ओसरीवर. आणि ओसरीच्या खांबावर झपकन एक लाल निशाण खाली पडायचं. दुसऱ्या शिट्टीला दुसरं, तिसरीला तिसरं. पहिल्या चाचणीत पट्टी जरा जड झाली, शिट्टी अडकली आणि तुरीची डाळ आढ्याला गेली. तिथं अजून डाग आहे. गुरुजी त्याला "किमान एक डाग" म्हणतात.

गुरुजींच्या मंडळी, कमलकाकू, एका शब्दानं बोलल्या नाहीत. पदर खोचून शिडीवर चढल्या आणि आढं पुसायला लागल्या. काकू तशाच. आमच्या आळीतल्या साऱ्या बाया दुपारी त्यांच्या ओसरीवर येतात आणि मन मोकळं करतात. सासूचं, सुनेचं, नवऱ्याचं, जमिनीच्या वाटपाचं, काय वाटेल ते. काकू मधे तोंड घालत नाहीत, सल्ला देत नाहीत, इकडचं तिकडं करत नाहीत. हात हातात घेऊन नुसत्या ऐकतात, मधूनच "व्हय गं बाई" म्हणतात. माझी बायको शालिनी तर माझ्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी तिथंच दाखल करते.

मी गुरुजींना विचारलं, "पण शिट्टी तर अख्ख्या आळीला ऐकू येते. निशाण कशाला?"

"ऐकनं ही जुनी पद्धत झाली," गुरुजी म्हणाले आणि कप्पीला तेल घालायला लागले.

वकीलसाहेबांनीही तेच विचारलं होतं: या शोधामुळं कोणाची, कोणती अडचण दूर होते? गुरुजींनी उत्तर दिलं, "सर्वांची, सर्व." तेवढ्यावर वकीलसाहेबांनी पानभर मजकूर लिहिला. त्यात आधुनिक गृहिणी होती, तिची धावपळ होती, आणि शेवटी निशाणाची माहिती 'क्लाउड'वर साठवायची सोय होती. गुरुजी माझ्याकडं आले. "सर, हे ढगाचं काय काढलंय यांनी? शिट्टीचा ढगाशी काय संबंध? वाफ जास्तीत जास्त छतापर्यंत जाती."

ते खोडलं. पण दुसऱ्याच दिवशी गुरुजी अंथरुणाला खिळले. वकीलसाहेबांनी कळवलं होतं, की अगदी असंच निशाण परदेशात कुणीतरी आधीच पेटंट करून ठेवलंय. नंबर दिला होता, संशोधकाचं नाव होतं. गुरुजी जेवले नाहीत. काकूंनी पिठलं करून पाहिलं, तरी उठले नाहीत. शेवटी मी म्हटलं, "नगरला पेटंटची कामं करणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांना विचारू."

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एस.टी.त बसताना तोंडात नगरच येतं. मॅडमनी तो नंबर त्यांच्या कम्प्युटरवर शोधला, परत शोधला आणि हसल्या.

"गुरुजी, असं पेटंटच नाहीये. त्या माणसाचाही कुठं पत्ता नाही. हे तुमच्या एआयनं मनानं रचलंय. ते मसुदा छान लिहितं, पण असं काही सांगितलं की तपासून घ्यायचं."

घरी आल्यावर गुरुजींनी वकीलसाहेबांची चांगली हजेरी घेतली. "खोटी साक्ष दिलीत?" असं टाईप केलं. उत्तर आलं: "आपलं बरोबर आहे. माझी चूक झाली, मी दिलगीर आहे." गुरुजींनी ती ओळ परत एकदा वाचली. मग म्हणाले, "सर, चूक कबूल करनारा वकील आयुष्यात पहिल्यांदा बघितला." आणि माफ करून टाकलं.

महिन्याभरानं मॅडमनी बोलावलं. अर्ज तयार होता. वकीलसाहेबांचा मसुदा घेऊन त्यांनी तो नीट बांधला होता. आम्ही दोघं गेलो. गुरुजींनी कोट घातला होता.

"शिट्ट्या मोजायची यंत्रं बाजारात आहेत," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळं निशाण पडतं, एवढ्यावर भागणार नाही. तुमच्यात वेगळं आहे ते हे, की विजेशिवाय, वाफेच्या जोरावर, दुसऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला शिट्टी दिसते. ऐकूच येत नाही अशा माणसाला. म्हणून मी स्पष्ट लिहिलंय, हा शोध कमी ऐकू येणाऱ्या गृहिणीसाठी आहे. त्यानं अर्जाला वजन येतं. मिळेल असं मला वाटतं."

"मिळेल" हा शब्द ऐकायला गुरुजी किती दिवस थांबले होते. पण त्यांचा चेहरा उतरला.

"तेवढं खोडता येईल का?"

"खोडलं तर अर्जात काही राहत नाही, गुरुजी."

"आनि हे कोन कोन वाचतं?"

"काही महिन्यांनी प्रसिद्ध होतं. इंटरनेटवर कुणालाही बघता येतं."

गुरुजी उठले. कोटाची बटणं लावली. "मग राहू द्या, मॅडम. तुमाला तरास झाला," म्हणाले आणि जिना उतरायला लागले. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या, मी त्यांच्याकडं.

परतीच्या एस.टी.त मी चिडलो होतो. कॉलेज बुडवून आलो होतो. म्हटलं, "गुरुजी, एवढं हातातोंडाशी आलेलं. एका ओळीसाठी?"

गुरुजी खिडकीतून बाहेर बघत होते. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या.

"सर, हिला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "उजव्या कानानं मुळीच न्हाई. डाव्यानं असंच कायतरी. यंत्र आनलं कानाचं, तर घालत न्हाई. लोकांना दिसंल म्हनती."

मी म्हणालो, "पण सगळ्या आळीचं तर त्याच ऐकतात."

"तेच तर." गुरुजी पहिल्यांदाच कुठल्याही 'किमान'शिवाय बोलत होते. "दिवसभर वाट बघती दुपारची. चार बाया येतात, जवळ बसतात, बोलतात. हिला त्यातलं काय कळतं, काय न्हाई. पर मानसं येतात ना. ऐकू येत न्हाई म्हनून कळलं तर कोन यील बहिरीपाशी मन मोकळं करायला? आनि बोलताना डाळ करपली की सगळ्यांना कळनार. म्हनून ते निशाण. पेटंट काय, त्याच्या पाठीमागं आलं आपलं."

राहुरी आली तशी गुरुजींनी कोटाची बटणं सोडली.

घरी मी शालिनीला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण चेहरा लपेना. तिनं खोदून विचारलं, मी सांगून टाकलं. वर म्हणालो, "कुणापाशी बोलू नकोस."

शालिनी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, आम्हाला कधीचंच माहितीय."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. एकदा मी सांगितलं माझे वडील गेले, तर 'बरं झालं गं बाई, गोड बातमी' म्हणाल्या. तेव्हाच कळलं."

"मग जाता कशाला?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या शेवटच्या बाकाकडं पाहतो. "त्या दिवशी कितीतरी वेळ त्यांनी माझा हात सोडला नव्हता. घरात सगळ्यांना ऐकू येतं, त्याचा काय उपयोग होतो?"

मी चपला घातल्या आणि तडक गुरुजींकडं गेलो. ते कम्प्युटरसमोर होते. अर्ज रद्द केल्याचं वकीलसाहेबांना कळवत होते. समोर उत्तर झळकत होतं: "हा अत्यंत विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे!"

"गुरुजी, अर्ज भरा," मी म्हटलं. "आळीला सगळं माहितीय. कधीचं माहितीय. तरी येतात त्या."

गुरुजींनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, परत काढला.

"त्यांना माहिती हाय," ते हळू आवाजात म्हणाले, "हे हिला माहिती हाय का?"

"नाही."

"मग राहू द्या, सर."

दारातून ओसरी दिसत होती. काकूंजवळ आमच्या आळीची सुमन बसली होती, हात काकूंच्या हातात देऊन काहीतरी सांगत होती. आत कुकरनं केवढ्यानं शिट्टी दिली. सुमनच्या डोक्यावरच लाल निशाण झपकन पडलं. तिनं ते पाहिलं, पण बोलणं थांबवलं नाही. थोड्या वेळानं काकूंची नजर वर गेली.

"अगं बाई, शिट्टी झाली वाटतं," म्हणत त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"व्हय का काकू?" सुमन म्हणाली. "मला न्हाई ऐकू आली."