आधी संडास, मग माया

मानवजातीने आजवर जी शास्त्रं निर्माण केली, त्यांत दार उघडण्याच्या शास्त्राचं स्थान फार वरचं आहे. हे शास्त्र ऐंशीच्या दशकात पश्चिम लंडनमध्ये जन्माला आलं आणि त्याचे जनक मूळचे साताऱ्याचे होते. त्याला अनुयायी मात्र मिळाले ते कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, बसभाडं आणि बिस्किटं देत असे म्हणून.

जनकांचं नाव मनोहर टिपणीस. आम्ही दोघं एकाच कौन्सिलच्या नोकरीत होतो. ज्या मुलांना स्वतःच्या घरी राहणं शक्य नसे, त्यांच्यासाठी फॉस्टर, म्हणजे तात्पुरत्या, पालकांची घरं मी शोधायची आणि त्या पालकांना टिपणीसांनी शिकवायचं, अशी वाटणी होती. दर मंगळवारी संध्याकाळी एका हॉलमध्ये वर्ग भरे. हॉलला फरशीच्या पॉलिशचा आणि ओल्या कोटांचा वास. होतकरू पालक खुर्च्यांवर बसले की टिपणीस टाय सारखा करत, कचऱ्याची एक मोठी काळी पिशवी उचलत आणि बाहेर जात. दार लावून घेत. मग टकटक.

टिपणीस आता सात वर्षांचे झालेले असत.

पिशवी त्यांच्या कल्पनेतली नव्हती. आमची मुलं खरोखरच एका घरातून दुसऱ्या घरात कपडे अशा पिशवीत कोंबून जात. त्यात गैर आहे असं कौन्सिलमध्ये कुणाला वाटत नसे, कारण पिशव्या कौन्सिलच्याच होत्या.

टकटक ऐकून कुणीतरी बाई हौसेने उठे. दार उघडून म्हणे, "हॅलो डार्लिंग! ये ये. हे घर तुझंच समज!" आणि पिशवीला हात घाले.

"नाही," टिपणीस म्हणत. दार पुन्हा बंद. पुन्हा टकटक.

"घर त्याचं नाही हे त्याला ठाऊक आहे," ते नंतर समजावत. "पहिल्याच वाक्याला तुम्ही खोटं बोललात. पुढचं तो काय ऐकणार? आणि पिशवी कशाला ओढलीत? त्याच्याजवळ तेवढंच आहे. ते तुम्ही उंबऱ्यावरच काढून घेतलंत. विमानतळावरचे कस्टमवाले बरे."

"मग करायचं काय?"

"आपलं नाव सांगा. संडास दाखवा. दिव्याचं बटण दाखवा. आधी संडास, मग माया." हे शेवटचं ते मराठीत म्हणत आणि मग त्याचं इंग्रजी करत. इंग्रजीत ते एखाद्या प्लंबरच्या जाहिरातीसारखं ऐकू येई.

वेम्बलीच्या एका किराणा दुकानदाराने एकदा विचारलं, "टिपणीसभाई, संडास समजला. पण माया नक्की कधी सुरू करायची?"

"त्याने तुमचं जेवण ढकलून दिलं की लगेच."

एका फेब्रुवारीत गारा पडत होत्या. आत एक जोडपं दार उघडण्यात सारखं चुकत होतं आणि टिपणीस सारखे बाहेर जात होते. टक्कल पडलेला एक माणूस पिशवी घेऊन दार ठोठावतोय आणि लोक ते त्याच्या तोंडावर बंद करताहेत, हे पाहून गस्तीवरचा कॉन्स्टेबल थांबला. "काय चाललंय, सर?"

"मी सात वर्षांचा आहे," टिपणीस म्हणाले, "आणि हे लोक मला नीट आत घेत नाहीत."

कॉन्स्टेबलने आत डोकावून मला विचारलं, "हे तुमचे का?" मी हो म्हटलं.

टिपणीस या देशात आले ते बायकोमागून. बाकीच्या मराठी घरांत नवरा डॉक्टर आणि बायको पाठोपाठ आलेली. इथे मालतीबाई हॉस्पिटलात भूल देत आणि टिपणीस पाठोपाठ आलेले. त्यांना मूल नव्हतं. ईलिंगच्या त्यांच्या घरात मागची एक खोली होती. तिथे लहान पलंग, दाराला लहान हाताला पोचेल अशी खाली बसवलेली मूठ आणि कपाटावर एक निळी सूटकेस. "आलेलं मूल पिशवी घेऊन येईल. जाताना तरी माणसासारखं जाऊ दे," टिपणीस म्हणत. फॉस्टर पालक म्हणून दोघांना केव्हाच मंजुरी मिळाली होती. खोलीत मात्र कुणी आलं नव्हतं.

याला कारण टिपणीसच. मूल शक्यतो त्याच्याच भाषेच्या आणि धर्माच्या घरात ठेवावं, हा आमच्याकडचा नियम त्यांनी भांडून करून घेतला होता. डेव्हनच्या एका इंग्रज घरात वाढलेला एक पंजाबी मुलगा त्यांनी पाहिला होता; आई भेटायला आली तेव्हा दोघांना एकमेकांचं बोलणं समजेना. आई हातवारे करत होती. ते पाहून आल्यावर टिपणीस दुसऱ्याच दिवशी नियमाच्या मागे लागले.

नियम चोख होता. फक्त मराठी मूल कौन्सिलकडे येत नसे. मराठी आईबाप मुलांचं बाकी काय वाटेल ते करतील, कौन्सिलकडे देत नाहीत; फार तर पुण्याला मावशीकडे पाठवतात.

"अहो, गुजराती आलं होतं ना परवा? घ्यायचं की," मालतीबाई म्हणत.

"गुजराती घरं आहेत आपल्याकडे."

"मी ऑपरेशनच्या टेबलावर कुणाला मातृभाषा विचारत नाही."

"तू त्यांना झोपवतेस, मालती. आपल्याला जागं ठेवायचंय."

मग एका नोव्हेंबरच्या शुक्रवारी, ऑफिस बंद होता होता, ट्रेसी आली. नऊ वर्षांची, इंग्रज. होती त्या घराने तिला ठेवायला अचानक नकार दिला होता. मी सगळीकडे फोन केले. कुणाकडे जागा नव्हती. शेवटी टिपणीसांना केला.

"फक्त वीकएंड," मी म्हटलं.

"पण नियम—"

"नियम सोमवारी नऊला उघडतो, टिपणीस. मी तिला घेऊन निघतेय."

बेल वाजवली. दार उघडलं. अनेकांना दार उघडायला शिकवणारा तो माणूस ट्रेसीकडे पाहत उभा राहिला. मग त्यांचा हात आपोआप पुढे झाला आणि त्यांनी तिची पिशवी धरली.

"हे घर तुझंच समज," ते म्हणाले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

ट्रेसीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "टॉयलेट कुठेय?"

"अहो, सरका की!" आतून मालतीबाई म्हणाल्या. "पोरीला जाऊ दे आधी."

पुढचं मला मालतीबाईंकडून कळलं. ट्रेसीने शनिवारी जेवण ढकललं. रविवारी वरणभात दोनदा मागितला. टिपणीस मंगळवारी काय करतात हे कळल्यावर तर तिने त्यांना पिशवी देऊन घराबाहेरच काढलं. ते टकटक करायचे, ती दार उघडायची आणि म्हणायची, "नाही. परत." दुपारभर हे चाललं. शेजाऱ्यांनी पडदे बाजूला करून पाहिलं. "दहा वर्षांत हा माणूस इतका हसला नव्हता," मालतीबाई म्हणाल्या.

सोमवारी बैठक होती. ट्रेसीसाठी लंडनबाहेर, बेसिंगस्टोकला, एक इंग्रज कुटुंब मिळालं होतं. सकाळी निघताना मालतीबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं, "तुम्हीच केलाय ना नियम? मग एकदा तुम्हीच मोडा." आमच्या साहेबीणबाईंनी विचारलं, "कुणाची हरकत?" मी टिपणीसांकडे पाहिलं. त्यांनी टाय सारखा केला.

"नियम बरोबर आहे," ते म्हणाले आणि समोरच्या बिस्किटांकडे बघत राहिले. कुटुंब चांगलं होतं. नियमही, मला अजून वाटतं, चांगलाच होता.

ट्रेसी निळी सूटकेस घेऊन गेली. काळी पिशवी मागेच राहिली. मालतीबाई ती टाकायला निघाल्या, तर टिपणीसांनी हातातून घेतली आणि इस्त्रीच्या शर्टासारखी घडी घालून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. टिपणीस पिशवी घेऊन हॉलबाहेर गेले. एरवी त्यांच्या पिशवीत रद्दी भरलेली असे. ही घडीच्या खुणा असलेली, रिकामी लोंबत होती. टकटक. एक तरुण पोस्टमन उठला, त्याने दार उघडलं आणि वर्गात होऊ शकतील त्या सगळ्या चुका एका दमात केल्या. "हे घर तुझंच समज!" म्हणाला आणि पिशवी घेतली.

आम्ही "नाही"ची वाट पाहत होतो.

टिपणीसांनी पिशवी सोडून दिली. आत आले, पहिल्या खुर्चीवर बसले.

"चालेल," म्हणाले.

त्या दिवशी वर्ग पहिल्यांदाच वेळेवर संपला. हॉलचा केअरटेकर खूश झाला. खुर्च्या उचलताना त्याला पोस्टमनच्या जागेवर एक रिकामी पिशवी सापडली. त्याने ती झटकून दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्याला लावली. बरोबर मापाची होती.