ट्रँटरांच्या रुसल्या माश्यांची हकीकत

॥ संत ऑस्वल्ड प्रसन्न ॥

मौजे लिटल थ्रिंबल, मुलूख इंग्लंड, येथे उन्हाळी मेळ्याचे सुमारास जो बखेडा जाहला आणि जी फत्ते जाहली, तिचे वर्तमान पुढील रयतेस कळावे म्हणोन लिहून ठेविले आहे. लिहिणार याच गावचा चहा पिऊन वाढला, सबब कोणाची भीड धरिली नाही.

तर या मौजेत राजमान्य अल्बर्ट ट्रँटर आणि शेजारी राजमान्य डडली क्राउच हे दोन मधपालक. एके शाळेत मार खाल्लेले, एके कुंपणावर कोपर टेकून म्हातारे जाहलेले. मेळ्यात मधाचे बक्षीस कधी यांस कधी त्यांस, आणि जिंकेल त्याने हरेल त्यास बिअर पाजावी ऐसा करार. पाद्रीसाहेब रेव्हरंड लार्क हेही एक बरणी मांडीत आणि दरसाल शेवटी येत. आणि त्या मुलुखी कदीम रिवाज ऐसा की, घरात मरण, जनन, लग्न काही घडो, यजमानाने घराची किल्ली घेऊन मधमाश्यांचे पेटीवर हळूच टकटक करावी आणि वर्तमान आधी माश्यांस सांगावे. न सांगितल्यास माश्या रुसतात आणि घर सोडतात. ट्रँटरांचे कुटुंब ईडिथबाई वारली, ते वेळी त्यांनी डोळे पुसण्यापूर्वी किल्ली हाती घेतली होती.

ऐशियास मेळा तोंडावर आला असता ट्रँटरांची पेटी एके सकाळी ओस पडली, आणि समस्त माश्या क्राउचांचे नासपतीचे झाडास घोस करून लटकलेल्या दिसल्या. मग ट्रँटरांनी टोपली लावून त्या घरी आणिल्या, मग त्या उठोन पुन्हा नासपतीवर गेल्या, मग पुन्हा आणिल्या, मग पुन्हा गेल्या. तेव्हा कुंपणावर बोलाचाली जाहली ती ऐसी:

"डडल्या, काय लावलंस त्या झाडाला?"

"काही नाही. मी काय त्यांना चहाला बोलावलं होतं?"

"शाळेत माझी गोटी चोरलीस, आता माश्या."

"ती गोटी परत दिली होती."

"नाही दिलीस."

आणि कोपर कुंपणावरून उठले. ट्रँटरांनी बिअर बंद केली, बोलणे बंद केले. त्यांची कन्या रोझमेरी तिशी ओलांडलेली, गुरांचे डॉक्टरांकडे कामास. ती दोन्ही घरांचे मधे उभी राहोन रडकुंडीस आली. एवढी दोस्ती माश्यांपायी मोडते, हे पाहोन गावाचा जीव हळहळला.

तेव्हा या मसलतीत खाशा मिस हेस्टर पॅजम उतरल्या. बाईसाहेब गावचे जुने टेलिफोनचे लाल खोक्यात जो किताबखाना आहे त्याच्या दारोगा. त्यात पाककृतीचे एक पुस्तक वगळता सर्व खुनांच्या कादंबऱ्या, आणि त्या समस्त बाईसाहेबांनी वाचिलेल्या. या प्रकरणी खून नाही म्हणोन प्रथम किंचित खट्टू जाहल्या, परंतु मन मोठे करून भिंग घेऊन निघाल्या. पाद्रीसाहेब चहाचा थर्मास घेऊन पिछाडीस. क्राउचांचे कोबीचे वाफ्यात मुक्काम केला, पायांचे ठसे तपासिले, आणि बऱ्याच खलबतानंतर ते ठसे आपलेच निघाले.

मग कादंबऱ्यांतील शिरस्त्याप्रमाणे सर्वांस ट्रँटरांचे स्वयंपाकघरात जमा होण्याचे फर्मान सुटले. रोझमेरीने चहा केला. क्राउच आणि त्यांचा चिरंजीव क्लाइव्ह दाराशी उभे राहिले. बाईसाहेबांनी वाचनाअंती ऐसा निष्कर्ष काढिला होता की ज्यावर कोणाचाच संशय नाही तोच गुन्हेगार असतो, सबब बोट थर्मासाकडे वळले.

"पाद्रीसाहेब, चोर आपण आहात."

"अरेरे. माफ करा हं," पाद्रीसाहेब म्हणाले.

"म्हणजे तुम्ही चोरल्या?" ट्रँटर म्हणाले.

"तसं नाही आठवत. पण माफ करा."

निरपराध असताही आधी माफी मागणे ही त्या मुलुखाची जुनी खोड. तिचेमुळे अर्ध्या सभेस ते खरेच वाटले, आणि पाद्रीसाहेबांसही थोडे वाटू लागले. बाईसाहेब मात्र मनातून खचल्या, आणि खाली मान घालून चहा ढवळू लागल्या. इतक्यात त्यांची नजर खिळ्यावरील घराचे किल्लीकडे गेली. तीस ईडिथबाईंचे वेळची काळी फीत अद्याप होती.

"अल्बर्ट, घरात असं काय घडलं जे माश्यांना सांगितलं नाहीस?"

"काही नाही. कुत्र्याला खरूज झाली तेही सांगितलंय."

या समयी रोझमेरीने आपले कपात साखर घातली, आणि पुन्हा घातली. बाईसाहेबांनी भिंग खाली ठेविले.

"रोझमेरी, तू साखर कधीपासून घ्यायला लागलीस?"

"क्लाइव्ह घेतो ना. सवय लागली."

मग समस्त सभेची नजर क्लाइव्हकडे वळली. क्लाइव्हने जोड्यांकडे पाहिले. रोझमेरी म्हणाली, "मेळा झाला की सांगणार होतो, बाबा. आधी सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी एकमेकांना मुद्दाम जिंकू दिलं असतं."

ट्रँटर उठले. मग खिळ्यावरील किल्ली काढोन तिचे हाती दिली. "मला नाही सांगितलंस ते चालेल गं. त्यांना तरी सांगायचंस."

मग समस्त लष्कर कुंपणाचे फटीतून कूच करीत नासपतीपाशी दाखल जाहले. रोझमेरीने खोडावर हळूच किल्ली वाजविली. "मी आहे, रोझमेरी. माझं लग्न ठरलंय, क्लाइव्हशी. आई गेली तेव्हा बाबांनी आधी तुम्हालाच सांगितलं होतं. माझं चुकलं."

गुणगुण एकदम थांबली. मग घोस सुटला, आणि निम्मी फौज सरळ ट्रँटरांचे पेटीत शिरली, आणि निम्मी क्राउचांचे बागेतील रिकाम्या पेटीत जाऊन बसली. हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांत आम्ही होतो. क्राउच चाचरत म्हणाले की टोपली आणितो, तुझ्या तुला परत देतो.

"राहू देत. पोरीबरोबर चालल्यात त्या," ट्रँटर म्हणाले, आणि कोपर पुन्हा कुंपणावर टेकिले. "डडल्या, ती गोटी. दिली होतीस रे. दुसऱ्याच दिवशी."

"माहीत आहे मला," क्राउच म्हणाले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. लूट म्हणोन मिस पॅजम यांस केकचा मोठा तुकडा मिळाला आणि लाल खोक्यावर नवा रंग चढला. मेळ्याचे दिवशी दोन्ही मधपालक लग्नाचे बोलण्यात बरणी मांडणेच विसरले, सबब मधाचे बक्षीस पाद्रीसाहेबांस गेले, आणि त्यांनी दोघांची माफी मागितली. मग ट्रँटरांनी किल्ली घेऊन हा निकाल आधी आपले पेटीस कळविला, आणि मग कुंपण ओलांडून लेकीचे पेटीस.