मेश्रामकाकांचा जंभाल

मेश्रामकाका बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाहीत, कानांकडे पाहतात. गोंदियाजवळच्या कुडव्यात त्यांच्या शेजारी नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, माझ्या कानाला साबण राहिला असावा. दोन दिवसांनी त्यांनीच खुलासा केला. "नाकडोळे कोनीबी कोरते सर. कान कठीण. तुमचे बरे हायेत."

काका लाकडात कोरीवकाम करतात. अर्ध्या गोंदियातली सागवानी देवघरं त्यांच्या हातची. स्वतः बौद्ध, घरात फक्त बुद्धाची तसबीर. "देव मी मानत नाही, लाकूड मानतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रंग कोणता लावायचा असं विचारलं तरी हेच उत्तर मिळतं.

मागच्या हिवाळ्यात गोंदियात स्वेटर विकायला बसलेल्या डोलमाआजींच्या लांब कानांकडे पाहत काका बराच वेळ उभे राहिले, आणि त्यातून ओळख झाली. आजी आपल्याच जिल्ह्यातल्या तिबेटी वसाहतीत राहतात. घरच्या पूजेच्या जागेसाठी त्यांना जंभालाची मूर्ती हवी होती. जंभाल हा त्यांचा धनाचा देव. ढेरपोट्या, एका हातात लिंबासारखं फळ, दुसऱ्या हातात रत्नं ओकणारं मुंगूस. आजींनी एक जुना फोटो दिला.

विहारात कुणीतरी काकांना टोकलं, आपल्या माणसानं देव कायले घडवावा? काका म्हणाले, "तो सगळ्यायले देते म्हणते. त्याले हातपाय मी देऊन राहिलो."

फोटोतलं मुंगूस धूसर होतं. परसातल्या विटांच्या ढिगात एक मुंगूस राहायचं. काका त्याच्यासमोर आठ दिवस स्टूल टाकून बसले. तेवढे दिवस मला मोठ्यानं बोलायची बंदी होती. नवव्या दिवशी येऊन म्हणाले, शेपटी समजली. देवाच्या पोटावरही महिनाभर हात फिरवला. पोट खाऊन भरलेलं दिसलं पाहिजे, सुजलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

मूर्ती पोचवायला मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं. पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेला जंभाल त्यांच्या मांडीवर होता. प्रत्येक गतिरोधकाआधी ते मला सावध करत.

आजींच्या दारात पोचल्यावर काका एकदम थांबले. मूर्ती माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "तुमी द्या आत. मी बाहेर हाव."

तेवढ्यात आजी बाहेर आल्या. त्यांनी काकांचं मनगट धरलं आणि त्यांना सरळ आत नेलं. घरी बोलावलेल्या लामांनी रिवाजाप्रमाणे मूर्तीच्या मुद्दाम पोकळ ठेवलेल्या पोटात मंत्रांचे कागद भरले, तळ बंद केला. मग आजी काकांना म्हणाल्या, "आपने बनाया, आप ही रखिए।"

काकांनी जंभाल चौरंगावर ठेवला. जरासा डावीकडे वळवला. मागे सरले आणि पाहत उभे राहिले. चहा निवून गेला.

परतताना सडक अर्जुनी गाव मागे पडलं. मग काका खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "चाळीस वर्सं देवघरं केली सर. लोक टेम्पो पाठवतेत, घेऊन जातेत. घरात कसं दिसते, पाहाले या म्हणून कोनी बलावलं नाही."

मी गाडी हळू केली.

"बेस दिसत होता ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, लय बेस. कुडवा येईपर्यंत त्यांनी ते आणखी तीनदा विचारलं, आणि दर वेळी उत्तर ऐकताना ते सीटवर थोडे अधिक ताठ बसले.